वाहनांतील विद्युतदोषांचे निदान : टेस्टरची निवड आणि तिचे अर्थशास्त्र

देशातील वाहन उद्योगाची चर्चा बहुधा उत्पादन, विक्री आणि निर्यात यांच्या आकड्यांभोवती फिरते. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेले वाहन त्यानंतर दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते आणि या काळातील त्याची उपयुक्तता दुरुस्ती व्यवसायावर अवलंबून असते. अधिकृत सेवा केंद्रांच्या बरोबरीने शहरांतील ट्रान्सपोर्ट नगरे, महामार्गालगतची गॅरेजे आणि तालुक्याच्या गावातील एका खोलीतील ऑटो इलेक्ट्रिशियनची दुकाने हे काम करीत असतात. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये मोटार वाहनांची देखभाल व दुरुस्ती हा व्यवसाय व्यापाराच्या विभागात, ४५ व्या प्रभागात मोडतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीतही ‘व्यापार, दुरुस्ती, हॉटेल व उपाहारगृहे’ असा एकत्रित उल्लेख आढळतो. सेवा क्षेत्राच्या या मोठ्या आकड्याआड असंघटित क्षेत्रातील लक्षावधी कारागिरांचे श्रम असतात.

गेल्या दोन दशकांत या कारागिरांच्या कामाचे स्वरूप बदलले आहे. बिघाड कानाने ऐकून व हाताने चाचपून ओळखण्याचे दिवस मागे पडत असून वाहनातील बिघाडांचा वाढता हिस्सा तारा, संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांच्याशी निगडित असतो. अशा वेळी कारागिराच्या हातातील टेस्टर कोणता, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक व किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्यात भांडवल-निवड, कौशल्य, माहितीची विषमता, स्पर्धा आणि ग्राहकहित असे अर्थशास्त्रातील अनेक विषय एकत्र येतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना या संकल्पना एका ठोस उदाहरणातून समजून घेता याव्यात, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बदलाची पार्श्वभूमी

वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या वाढीस प्रदूषण नियंत्रणाच्या मानकांनी मोठी चालना दिली. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून संपूर्ण देशात लागू झाली. त्यानंतर पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू करण्यात आली. त्यामुळे बहुतेक दुचाकींतील कार्बोरेटर जाऊन त्याजागी इंधन इंजेक्शन प्रणाली आली. वाहनातील दोष वाहनानेच ओळखून नोंदविण्याची ‘ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स’ म्हणजे ओबीडी ही व्यवस्था मोटारींमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. एप्रिल २०२३ पासून दुचाकींसाठीही तिचा दुसरा टप्पा सुरू झाला.

याचा अर्थ असा की, ज्या कारागिराने वीस वर्षे प्लग, कॉइल आणि पॉइंट यांवर उपजीविका केली, त्याच्या दारात आता संगणकाने नियंत्रित होणारे वाहन उभे राहते. त्याने ते स्वीकारायचे की परत पाठवायचे, हे पुष्कळ अंशी त्याच्या निदानक्षमतेवर ठरते.

निदान म्हणजे काय?

वाहनाच्या विद्युत परिपथातील दोष स्थूलमानाने चार प्रकारचे असतात. पहिला, परिपथ तुटणे. म्हणजे तार तुटल्याने, फ्यूज उडाल्याने किंवा स्विच निकामी झाल्याने विद्युतधारा वाहतच नाही. दुसरा, शॉर्ट सर्किट. म्हणजे तारेचे आवरण घासून ती वाहनाच्या सांगाड्याला टेकते आणि फ्यूज वारंवार उडतो. तिसरा, नको असलेला रोध. म्हणजे गंज, सैल जोड किंवा अर्धवट तुटलेल्या तंतूंमुळे धारा वाहते, पण कमी वाहते. चौथा, गळती, म्हणजे वाहन बंद असतानाही एखादे उपकरण बॅटरीतून धारा ओढत राहते.

पहिले दोन दोष तुलनेने ठळक असतात. तिसऱ्या व चौथ्या दोषात मात्र अंदाज चुकण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी कारागीर एकामागून एक सुटे भाग बदलून पाहतो. आधी बॅटरी, मग आल्टरनेटर, मग सेल्फ स्टार्टर. अखेरीस गंजलेला एक अर्थचा जोड घासून साफ केल्यावर गाडी नीट चालते. पण तोपर्यंत ग्राहकाचे पैसे खर्च झालेले असतात. टेस्टरचे खरे काम हा निरर्थक खर्च टाळणे हे आहे. त्यामुळे कोणत्याही टेस्टरचे मूल्यमापन करताना तो चारपैकी कोणते दोष दाखवितो आणि कोणते दडवितो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

हाताळण्याजोग्या टेस्टरचे प्रकार

१. टेस्ट लॅम्प : टोकदार सळई, आत छोटा दिवा आणि तारेच्या टोकाला चिमटा, असे हे सर्वांत जुने व सर्वांत स्वस्त साधन. चिमटा वाहनाच्या सांगाड्याला लावून टोक तारेला टेकविले की, वीजपुरवठा असल्यास दिवा लागतो. १२ व्होल्टवर ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर धारा ओढतो. हा त्याचा गुण आहे आणि दोषही. गुण असा की, परिपथावर थोडा भार पडल्याने बराच रोध असलेला जोड दिवा मंद करून दाखवितो. दोष असा की, इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या नाजूक परिपथास एवढी धारा झेपत नाही. एअरबॅगच्या परिपथावर तर असा दिवा लावणे धोक्याचे आहे, कारण त्यामुळे एअरबॅग अकस्मात उघडू शकते. दिव्याऐवजी एलईडी वापरलेला टेस्टर अगदी कमी धारा ओढतो, म्हणून तुलनेने सुरक्षित असतो. परंतु गंजलेल्या जोडातूनही तो लखलखीत पेटतो आणि परिपथ चांगला असल्याचा आभास निर्माण करतो.

२. डिजिटल मल्टिमीटर : व्होल्टेज, धारा आणि रोध यांचे आकडे देणारे हे साधन. त्याचा अंतर्गत रोध साधारणपणे १० मेगाओहम असतो. त्यामुळे १२ व्होल्टवर ते केवळ १.२ मायक्रोअँपिअर धारा घेते आणि नाजूक परिपथालाही त्यापासून इजा होत नाही. संवेदक, बॅटरी, आल्टरनेटर, डायोड अशा बहुतेक तपासण्या त्याने करता येतात. मात्र भार नसलेल्या परिपथात तेही फसते.

३. वीजपुरवठा देणारा प्रोब : बॅटरीला जोडून वापरायचा हा टेस्टर नुसते तपासत नाही, तर बटण दाबताच टोकाशी धन किंवा ऋण पुरवठा देतो. पंखा, इंधन पंप, हॉर्न किंवा रिले जागेवरच चालवून पाहता येतो आणि वेळ वाचतो. परंतु चुकीच्या तारेत पुरवठा दिल्यास महागडा नियंत्रक क्षणात जळू शकतो. म्हणून हे साधन वायरिंगचा आराखडा वाचता येणाऱ्याच्या हातीच शोभते.

४. डीसी क्लॅम्प मीटर : तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावून धारा मोजणारे उपकरण. खरेदीच्या वेळी येथे एक चूक वारंवार होते. बाजारातील अनेक क्लॅम्प मीटर केवळ घरगुती वीजपुरवठ्याची, म्हणजे प्रत्यावर्ती धारा मोजतात; वाहनातील दिष्ट धारेसाठी ते निरुपयोगी ठरतात. शिवाय गळती शोधायची असल्यास मिलिअँपिअरच्या पातळीवर वाचन देणारे मीटर लागते.

५. ओबीडी स्कॅनर : वाहनाच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसवून नियंत्रकाने नोंदविलेले दोषसंकेत वाचणारे साधन. दुचाकींमध्ये जोडणीचे स्वरूप वेगळे असल्याने निराळी केबल लागते. स्वस्त स्कॅनर सामायिक संकेत वाचतो. उत्पादकाचे स्वतःचे संकेत, ब्रेक व एअरबॅग यांच्या यंत्रणा त्याच्या आवाक्याबाहेर राहू शकतात.

स्कॅनर दोष सांगतो, ही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वास्तविक तो दोषाचा परिसर सांगतो. उदाहरणार्थ, ‘पी०११८’ हा संकेत शीतक तापमान संवेदकाच्या परिपथातील व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे दर्शवितो. याचे कारण संवेदक बिघडणे हे असू शकते, तार तुटणे हे असू शकते किंवा जोड सुटणे हेही असू शकते. यांपैकी नेमके कोणते, हे मल्टिमीटरने तपासल्यावरच कळते. म्हणजे महाग साधन स्वस्त साधनाची जागा घेत नाही. ती दोन्ही परस्परपूरक आहेत. अर्थशास्त्राच्या भाषेत त्यांचा संबंध पर्यायी वस्तूंचा नसून पूरक वस्तूंचा आहे.

एक आकडेमोड

१२ व्होल्टवर ६० वॅटचा हेडलॅम्प ५ अँपिअर धारा घेतो; म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम होतो. आता अर्थच्या जोडावर गंज चढून ०.४ ओहम रोध वाढला असे समजू. दिव्याचा रोध सोयीसाठी स्थिर धरल्यास एकूण रोध २.८ ओहम होतो आणि धारा सुमारे ४.३ अँपिअरवर येते. दिव्याला १२ ऐवजी जेमतेम १०.३ व्होल्ट मिळतात आणि शक्ती ६० वॅटवरून सुमारे ४४ वॅटवर घसरते. रात्रीच्या प्रवासात ही घट जिवावर बेतू शकते.

या दोषाबाबत निरनिराळी साधने काय सांगतात, ते पाहणे उद्बोधक आहे. दिवा काढून त्याच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावल्यास तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो, कारण त्याच्या नगण्य धारेमुळे जोडावर जवळजवळ काहीच घट होत नाही. त्याच सॉकेटमध्ये लावलेला टेस्ट लॅम्पही उजळ दिसतो, कारण त्याच्या ०.४ अँपिअर धारेने होणारी घट डोळ्यांना कळण्याइतकी नसते. मात्र हेडलॅम्प चालू ठेवून मल्टिमीटरची दोन टोके अर्थच्या जोडाच्या दोन बाजूंना लावली की, १.७ व्होल्ट हे वाचन मिळते. अर्थच्या बाजूची घट ०.१ व्होल्टच्या आसपास असावी, हा व्यवहारातील ढोबळ संकेत आहे. म्हणजे दोष तत्काळ सिद्ध होतो.

दोष सापडला तो उपकरणाच्या किमतीमुळे नव्हे, तर ते योग्य ठिकाणी व योग्य स्थितीत लावल्यामुळे. भौतिक भांडवल आणि मानवी भांडवल यांच्या पूरकतेचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

निवडीचे निकष

पहिला निकष वाहनांच्या प्रकाराचा. मोटारी व दुचाकी सामान्यतः १२ व्होल्टवर, तर ट्रक व बस २४ व्होल्टवर चालतात. अनेक ई-रिक्षांमध्ये १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसर जोडणीत असून एकूण ४८ व्होल्ट मिळतात. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प ट्रकवर लावल्यास दिवा जळतो. महामार्गावरील गॅरेजने म्हणूनच दोन्ही व्होल्टेजवर चालणारे साधन घेतले पाहिजे.

दुसरा निकष अचूकतेचा. येथे गरजेपेक्षा जास्त पैसे खर्च होण्याचा संभव असतो. ±०.५ टक्के अधिक शेवटचे दोन अंक, अशी अचूकता असलेल्या साध्या मीटरवर १२.६० व्होल्टच्या वाचनात जास्तीत जास्त सुमारे ०.०८ व्होल्टची चूक संभवते. स्थिर अवस्थेतील पूर्ण प्रभारित शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि अर्धी प्रभारित बॅटरी सुमारे १२.२ व्होल्ट दाखविते. हा फरक ०.४ व्होल्टचा असल्याने साधे मीटरही तो निश्चितपणे ओळखते. अतिसूक्ष्म अचूकतेसाठी अधिक किंमत मोजण्याचे कारण उरत नाही.

तिसरा निकष सुरक्षिततेचा. येथे मात्र काटकसर नको. अनेक स्वस्त मीटरमधील १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूज नसतो. धारा मोजून झाल्यावर तार त्याच सॉकेटमध्ये राहिली आणि टोके बॅटरीला लागली, तर थेट शॉर्ट सर्किट होऊन तारा वितळतात व हात भाजतो. प्रत्येक श्रेणीला फ्यूज असलेले, जाड आवरणाच्या तारांचे मीटर घेणे इष्ट.

चौथा निकष विशिष्ट तपासण्यांचा. गळतीचे उदाहरण घेता येईल. वाहन बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंतची धारा सर्वसाधारण मानली जाते. ती ३०० मिलिअँपिअर असल्यास दिवसाला ७.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत साठ टक्क्यांहून अधिक रिकामी होते. ग्राहक नवी बॅटरी घेतो; तीही तशीच बसते. ज्या गॅरेजमध्ये अशा तक्रारी वारंवार येतात, तेथे मिलिअँपिअर मोजण्याची सोय आवश्यक ठरते. नियंत्रकांना जोडणाऱ्या कॅन जाळ्याची तपासणी हे दुसरे उदाहरण. वीजपुरवठा बंद करून या जाळ्याच्या दोन तारांमधील रोध मोजल्यास सामान्यतः ६० ओहम येतो. तो १२० आल्यास एका बाजूचा दुवा तुटल्याचा संशय घ्यावा लागतो. हे काम साधा मल्टिमीटर करू शकतो.

पाचवा निकष टिकाऊपणाचा. धूळ, तेल आणि उन्हाने तापलेला बॉनेट यांत टिकणारे आवरण, सहज मिळणारा सेल आणि बदलून मिळणाऱ्या तारा या बाबी जाहिरातीतील वैशिष्ट्यांपेक्षा महत्त्वाच्या ठरतात. दिल्लीचे काश्मिरी गेट किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथून आणलेले उपकरण जिल्ह्याच्या गावी बिघडले, तर ते दुरुस्त कोण करणार, याचाही विचार खरेदीच्या वेळी व्हावा.

निवडीचे अर्थशास्त्र

आता या निवडीकडे गुंतवणुकीचा निर्णय म्हणून पाहू. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, एका गॅरेजमध्ये दरमहा विजेच्या ३० तक्रारी येतात. केवळ टेस्ट लॅम्प असताना ९ वेळा निदान चुकते आणि प्रत्येक चुकीचा खर्च सरासरी ५०० रुपये येतो. महिन्याचा तोटा ४,५०० रुपये झाला. २,५०० रुपयांचा मल्टिमीटर घेऊन तो वापरायला शिकल्यावर चुका ४ वर येतात. तोटा २,००० रुपयांवर येतो. दरमहा २,५०० रुपये वाचल्याने मल्टिमीटरची किंमत एका महिन्यात वसूल होते.

त्यानंतर १८,००० रुपयांचा स्कॅनर घेतल्यास चुका ४ वरून २ वर येतात. अतिरिक्त बचत दरमहा १,००० रुपयांची. म्हणजे परतफेडीस १८ महिने लागतात. साधनांवरील खर्च वाढत जातो, पण प्रत्येक वाढीव रुपयाचा लाभ घटत जातो. हे सीमान्त लाभाच्या घटीचे उदाहरण होय. तक्रारी दरमहा ३० ऐवजी १० असल्या, तर मल्टिमीटरची परतफेड ३ महिन्यांत होते, पण स्कॅनरला ५४ महिने लागतात. एवढ्या काळात नवी मॉडेल येऊन स्कॅनरचे सॉफ्टवेअर कालबाह्य होण्याचा धोका असतो. लहान गॅरेजने अशा वेळी स्वतंत्र खरेदीऐवजी चार-पाच जणांत मिळून स्कॅनर घेणे किंवा गरजेनुसार भाड्याने वापरणे किफायतशीर ठरते. अविभाज्य भांडवलाचा सामायिक वापर हे त्यामागील तत्त्व आहे. सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमातील सामायिक सुविधा केंद्रांची कल्पनाही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या हिशोबाला दुसरी बाजूही आहे. स्कॅनर नसल्याने भारत स्टेज-६ च्या गाड्या परत पाठवाव्या लागत असतील, तर गमावलेले उत्पन्न हा संधी-खर्च होय आणि तो बचतीत मिळविला पाहिजे. तसे केल्यास परतफेडीचा काळ बराच कमी होऊ शकतो. म्हणून एकच उत्तर सर्व गॅरेजांना लागू पडत नाही. शूमाकर यांनी १९७३ मधील ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात मध्यम तंत्रज्ञानाचा जो विचार मांडला, त्याचे मर्मही हेच की, तंत्रज्ञान वापरणाऱ्याच्या परिस्थितीशी जुळणारे असावे.

चुकीची किंमत कोण मोजतो?

वरील आकडेमोडीत एक गृहीतक दडलेले आहे. चुकीच्या निदानाचा खर्च गॅरेज सोसते, असे त्यात मानले आहे. व्यवहारात अनावश्यक बदललेल्या भागाची किंमत बहुधा ग्राहकाच्या बिलात जाते. तसे असेल तर मल्टिमीटर घेऊन गॅरेजचालकाचे स्वतःचे काहीच वाचत नाही. उलट सुट्या भागावरील नफा कमी होतो. म्हणजे सामाजिक लाभ मोठा असूनही खासगी लाभ शून्य किंवा ऋण असू शकतो. चांगला टेस्टर स्वस्त असतानाही तो सर्वत्र का पोहोचत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त मांडला आणि २००१ मध्ये त्यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रतिपादनानुसार, विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो पण ग्राहकाला नसतो, अशा बाजारात चांगला माल मागे पडून वाईट माल उरतो. डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये विश्वासाधिष्ठित वस्तूंची संकल्पना मांडली. अशा सेवेची गरज होती की नव्हती, हे ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही कळत नाही. वाहनदुरुस्ती हे त्यांनी दिलेले ठळक उदाहरण होते. वैद्यकीय सेवाही याच वर्गात मोडते.

यावर उपाय काय? मोजमाप हा त्यातील एक आहे. ‘बॅटरी गेली’ या शब्दावर विश्वास ठेवणे आणि इंजिन सुरू करताना बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरल्याचे मीटरवर ग्राहकाला दाखविणे, यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या पद्धतीत निदान पडताळण्याजोगे होते. प्रामाणिक कारागिरासाठी टेस्टर अशा रीतीने विश्वासार्हतेची खूण बनतो आणि त्यातून मिळणारा नावलौकिक खासगी लाभ व सामाजिक लाभ यांतील अंतर काही अंशी भरून काढतो. निदानाचे शुल्क दुरुस्तीच्या शुल्काहून वेगळे आकारण्याची प्रथा रुजल्यास अनावश्यक भाग बदलण्याचे प्रलोभनही कमी होईल. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, सेवेतील त्रुटींविरुद्ध दाद मागण्याची सोय करतो. परंतु त्रुटी सिद्ध करण्यासाठीही नोंदलेले मोजमाप उपयोगी पडते.

स्पर्धा आणि दुरुस्तीचा हक्क

टेस्टर विकत घेता येतो. परंतु वायरिंगचे आराखडे, दोषसंकेतांचे अर्थ आणि सॉफ्टवेअर उत्पादकाच्या ताब्यात असतात. या विषयाला भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशामुळे महत्त्व आले. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदान साधने खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, असा निष्कर्ष काढून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ही सामग्री खुली करण्याचे निर्देश दिले. या आदेशास अपिलीय व न्यायालयीन पातळीवर आव्हान देण्यात आले. तरीही दुरुस्तीपश्चात बाजारातील वर्चस्वाचा दुरुपयोग समजून घेण्यासाठी हे प्रकरण अभ्यासनीय आहे.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. कृषी अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि मोटार वाहने ही चार क्षेत्रे त्यात समाविष्ट करण्यात आली. माहिती खुली नसेल तर महागडा स्कॅनरही अर्धवट उपयोगाचा ठरतो. निदानक्षमतेचा प्रश्न म्हणूनच साधनाबरोबर माहितीच्या उपलब्धतेचाही आहे.

कौशल्य आणि वित्तपुरवठा

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाबरोबर वाहनांच्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे, तसेच विद्युत वाहनांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. परंतु बहुसंख्य कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकून तयार होतात आणि त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नसते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील ‘पूर्वज्ञानास मान्यता’ हा घटक अशा कारागिरांसाठी महत्त्वाचा आहे. त्याच वर्षीच्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ५०,००० रुपयांपर्यंतच्या ‘शिशु’ कर्जात मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर व प्राथमिक स्कॅनर असा संच बसू शकतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत साधनसंचासाठी १५,००० रुपयांच्या प्रोत्साहनाची तरतूद करण्यात आली. पण तिच्यातील १८ पारंपरिक व्यवसायांत मोटार मेकॅनिकचा समावेश नव्हता, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

येथे क्रमाचा प्रश्न उद्भवतो. साधन आधी की प्रशिक्षण आधी? हेडलॅम्पच्या उदाहरणावरून दिसते की, ओहमच्या नियमाचे व्यावहारिक ज्ञान नसलेल्या हातात चांगला मीटरही चुकीचा दिलासा देतो. त्यामुळे केवळ साधनसंच वाटल्याने निदानक्षमता वाढणार नाही. भार चालू ठेवून व्होल्टेजची घट मोजण्यासारखी पद्धत शिकविणे कमी खर्चाचे व अधिक फलदायी ठरेल.

विद्युत वाहने : सुरक्षिततेचे नवे परिमाण

विद्युत मोटारींमधील मुख्य बॅटरी सामान्यतः ३०० ते ४०० व्होल्टची आणि काही मॉडेलमध्ये त्याहून अधिक व्होल्टेजची असते. एवढे दिष्ट व्होल्टेज प्राणघातक आहे. नारिंगी आवरणाच्या तारांवर टेस्ट लॅम्प किंवा साधा मीटर लावणे कटाक्षाने टाळले पाहिजे. तेथे आंतरराष्ट्रीय मानकानुसार कॅट-३, १००० व्होल्ट श्रेणीचे मीटर, त्याच श्रेणीच्या तारा व विद्युतरोधक हातमोजे लागतात आणि मुख्य पुरवठा खंडित करण्याची ठरलेली कार्यपद्धती पाळावी लागते. येथे टेस्टरची निवड ही खर्चाची बाब न राहता कामगार सुरक्षेची बाब बनते. असंघटित क्षेत्रातील कारागिराला या सुरक्षेचे छत्र कसे मिळणार, हा येत्या काळातील धोरणाचा प्रश्न आहे.

समारोप

सर्वांत महाग टेस्टर हा सर्वांत योग्य टेस्टर नव्हे. बहुतेक लहान गॅरेजांसाठी फ्यूजयुक्त मल्टिमीटर हा पाया, टेस्ट लॅम्प हा जुन्या व साध्या परिपथांपुरता सोबती आणि स्कॅनर हा कामाच्या प्रमाणानुसार स्वतःचा किंवा सामायिक, अशी चढण सयुक्तिक दिसते. मात्र चुकीच्या निदानाची किंमत ग्राहक मोजत राहील, तोवर बाजार आपोआप योग्य साधनाकडे वळेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पडताळण्याजोगे मोजमाप, खुली तांत्रिक माहिती आणि कौशल्याची मान्यता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच नव्या तंत्रज्ञानाच्या काळात रस्त्याकडेचा कारागीर टिकून राहील आणि ग्राहकाचा पैसाही वाचेल.

सरावासाठी प्रश्न

१. भौतिक व मानवी भांडवलाची पूरकता वाहनदुरुस्ती व्यवसायाच्या आधारे स्पष्ट करा.
२. विश्वासाधिष्ठित सेवांच्या बाजारात खासगी व सामाजिक लाभ यांत तफावत का पडते? ती कमी करण्याचे उपाय सुचवा.
३. दुरुस्तीचा हक्क आणि स्पर्धा धोरण यांतील संबंधाची चर्चा करा.
४. असंघटित क्षेत्रातील कारागिरांसाठी साधनसंच अनुदान आणि कौशल्य प्रशिक्षण यांच्या सापेक्ष महत्त्वाचे मूल्यमापन करा.